कपाळाचा वज्रलेप

आमच्या घरात गरम पाण्याचा हिशेब माझ्या कपाळावर चालायचा. त्र्यंबकला कुशावर्ताच्या अलीकडच्या आळीत आमचा जुना वाडा आहे. आमचे हे उपाध्ये, नारायण नागबळी, त्रिपिंडी, कालसर्प असे विधी करतात. नागबळीचे यजमान तीन दिवस मुक्कामाला असतात. त्यांनी तीन दिवस गाव सोडायचं नाही, कांदा-लसूण खायचा नाही, पहाटे अंघोळ करून नव्या पांढऱ्या कपड्यांत तयार राहायचं. हे सगळे नियम शास्त्राचे. एक नियम तेवढा माझा : माणशी एक बादली गरम पाणी.

हा नियम मी पाटीवर कधी लिहिला नाही. पहाटे साडेचारला बंबापाशी उभी राहायची. दुसऱ्या बादलीकडे कुणाचा हात गेला की माझ्या दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा पडायच्या. मराठीचं अक्षर न कळणारा बंगळुरूचा यजमानसुद्धा हात मागे घ्यायचा आणि थंड पाण्याने पाय धुवायचा. वाण्याचं बिल, दूधवाल्याचं माप, ‘पंधराच मिनिटांत येतो’ म्हणणारा प्लंबर, सगळ्यांना त्या रेघा वाचता यायच्या. लग्नात माहेरून काय आणलं असं कुणी विचारलं तर मी ही आठी दाखवली असती. माझ्या आईचीच ती.

पण पूर्वी या रेघा कामापुरत्या यायच्या आणि काम झालं की आपापल्या घरी जायच्या. पन्नाशीनंतर त्या मुक्कामाला आल्या. मी देवापुढे हात जोडून उभी असले तरी लोकांना वाटायचं, देवाशी काहीतरी बिनसलंय.

तरीही मी काही केलं नसतं. इंदूरच्या एका सूनबाईंनी सगळा घोटाळा केला. त्यांचा नागबळीचा विधी आटोपला, सोन्याचा नाग दान देऊन झाला, आणि निघताना त्या माझ्या पाया पडून म्हणाल्या, ‘‘माताजी, पंडितजी बिल्कुल आप पर गए हैं।’’ मला हिंदी उत्तम समजतं. त्र्यंबकमध्ये राहून न समजून भागत नाही. त्या दिवशी समजलं नसतं तर बरं झालं असतं. हे शेजारीच उभे होते. त्यांनी तो गैरसमज दूर करायचा की नाही? ‘‘सब इनका आशीर्वाद है,’’ म्हणून मोकळे झाले.

हे माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत. पण ह्यांचा चेहरा तुकतुकीत. त्याचं श्रेय गावातले लोक संध्येला, साजूक तुपाला आणि ब्रह्मगिरीच्या हवेला देतात. तेच तूप आणि तीच हवा मीही खाते. फरक एवढाच, की ह्यांच्या वाटणीच्या आठ्यादेखील तीस वर्षं मीच घालत आले.

त्या रात्री २०१५ च्या सिंहस्थातला फोटो काढून पाहिला. शाही स्नानाच्या गर्दीत मी पाण्याची कळशी घेऊन उभी आहे आणि कपाळ कोरं आहे. २०२७ च्या पर्वण्यांना पुन्हा चॅनेलवाले येणार, पुन्हा कॅमेरे फिरणार. तेव्हा खाली काय लिहून येईल? ‘उपाध्ये आणि त्यांच्या मातोश्री’?

नाशिकला भाचीला फोन केला. तिने अर्धं ऐकून घेतलं आणि मी तिला लहानपणी ज्या सुरात ‘ओवा खा’ म्हणायचे त्याच सुरात म्हणाली, ‘‘मावशी, बोटॉक्स कर.’’

घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर बदललाय, डोळे दाखवायला जाते. दिव्याची अवस तोंडावर आली होती. श्रावण लागला की आमच्याकडे कुणाला डोळे मिटायलाही फुरसत नसते, दाखवायला कुठली! सिटीलिंकची बस पकडली आणि भाचीने ठरवलेल्या दवाखान्यात जाऊन बसले. तिथल्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना मी विचारलं, ‘‘तुमचं काय?’’ त्या म्हणाल्या, ‘‘डोळे.’’ मीही म्हटलं, ‘‘माझेही.’’ मग दोघी भिंतीवरच्या गुळगुळीत बायकांचे फोटो पाहत बसलो.

डॉक्टरीणबाई त्वचारोगतज्ज्ञ, वयाने माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी आधी माझा चेहरा दोन्ही हातांनी नीट पाहिला. बाजारात आपण वांगी पाहतो त्यापेक्षा बराच वेळ. मग म्हणाल्या, चेहऱ्यावर दोन वेगळ्या भानगडी असतात आणि लोक दोन्हींना सुरकुत्याच म्हणतात. कपाळावरच्या रेघा स्नायू आखडून पडतात, तिथे बोटॉक्स. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या घड्या मात्र स्नायूंनी पडत नाहीत. वयाबरोबर गालातली चरबी कमी होते, आहे ती खाली सरकते, आतलं हाडही थोडं झिजतं. वरचा आधार गेला की कातडी लोंबते. तिथे बोटॉक्स कितीही टोचा, उपयोग शून्य. ती जागा भरावी लागते, म्हणून त्याला फिलर.

फिलर बहुतेक वेळा हायल्युरॉनिक ॲसिडचं असतं. नावात ॲसिड असलं तरी ते जळजळीत काही नाही. आपल्या कातडीत, सांध्यांत ते असतंच, आणि पाणी धरून ठेवतं. त्याचा घट्ट जेल करून गालात सोडतात. जागेप्रमाणे आणि प्रकाराप्रमाणे सहा महिने ते वर्ष-दीड वर्ष टिकतं, मग शरीर ते जिरवून टाकतं. मनासारखं झालं नाही तर हायल्युरॉनिडेझ नावाचं दुसरं इंजेक्शन देऊन विरघळवताही येतं. मला हे फारच आवडलं. संसारात इतकी सोय असती तर!

‘‘किती लागेल?’’

‘‘दोन्ही गालांना मिळून दोन सिरिंज धरा.’’

एका सिरिंजेत एक मिलिलिटर. म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. एका सिरिंजेला वीस-बावीस हजार, आणि वर जीएसटी. आजार बरा करायला डॉक्टरकडे गेलात तर कर नाही, सुंदर व्हायला गेलात तर आहे. सरकारचंही मत इंदूरच्या सूनबाईंसारखंच दिसतं. मग त्यांनी संमतीपत्रातला धोक्याचा भाग मोठ्याने वाचून दाखवला : फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर रक्तपुरवठा तुंबतो, वरची कातडी मरू शकते, आणि क्वचित, फार क्वचित, दृष्टी जाऊ शकते. नाक आणि भुवयांमधली जागा सगळ्यांत धोक्याची. म्हणून चेहऱ्याच्या नसा-रक्तवाहिन्या शिकलेल्या डॉक्टरकडेच जायचं, पार्लरमधल्या ‘ऑफर’ला भुलायचं नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांच्या स्वतःच्या कपाळावर एक बारीक आठी आली. मला त्या एकदम विश्वासू वाटल्या.

भरण्याचा हा सोस आजचा नाही म्हणे. १९०० च्या सुमाराला व्हिएन्नाच्या गेर्सुनी नावाच्या डॉक्टरने पॅराफिन, म्हणजे मेण, पातळ करून टोचायची टूम काढली आणि युरोपभर लोकांनी नाकं-गाल भरून घेतले. ग्लॅडिस डीकन नावाची त्या काळची नामांकित सुंदरी, पुढे मार्लबरोची डचेस झाली. तिने नाक ग्रीक पुतळ्यासारखं सरळ करून घ्यायला मेण टोचून घेतलं. मेण कालांतराने सरकत सरकत हनुवटीपर्यंत उतरलं. डॉक्टरीणबाई हे सांगत असताना माझा हात आपोआप हनुवटीवर गेला. गाल आहेत तसे राहू देत, म्हटलं. कपाळाचंच बघा.

कपाळाचं गणित साधं. मज्जातंतू स्नायूला आखडायचा हुकूम ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून पाठवतो. बोटॉक्स ते रसायन मज्जातंतूच्या टोकातून बाहेरच पडू देत नाही. स्नायू जागच्या जागी, मज्जातंतू धडधाकट, निरोप तेवढा पोचत नाही. (आमच्या वाड्यात ही व्यवस्था इंजेक्शनाशिवाय आहे.) तीन-चार दिवसांत फरक दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो, तीन-चार महिन्यांनी निरोप पुन्हा सुरू. फ्रिजमधून एवढीशी बाटली आली, तळाशी काही दिसेल न दिसेल इतकी पूड. त्यात सलाइन घालून ते इन्सुलिनच्या सुईएवढ्या बारीक सुईत भरलं. मग डॉक्टरीणबाई पांढरी पेन्सिल घेऊन म्हणाल्या,

‘‘मावशी, रागवा बघू.’’

‘‘कुणावर?’’

‘‘कुणावरही.’’

मी सुरतेची ती मंडळी आठवली, ज्यांनी बंबाच्या नळाला पाईप लावून गरम पाण्याने इनोव्हा धुतली होती.

‘‘पुरे, पुरे!’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पाच ठिपके काढले, पाच ठिकाणी टोचलं, प्रत्येक ठिकाणी चार युनिट. मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही. सूचना मात्र कडक : चार तास आडवं व्हायचं नाही, खाली वाकायचं नाही, कपाळ चोळायचं नाही. औषध नको त्या स्नायूत जायला नको.

चार तास वाकायचं नाही! ही सूचना लिहिणारा माणूस त्र्यंबकच्या सुनेला कधी भेटलेला नसणार. मी आलं-लसूण ठेचते तीही वाकून, बंब पेटवते तोही वाकून, आणि दिवसातून निदान डझनभर लोकांच्या पाया पडते. पण त्या दिवशी मी बसमध्ये मान ताठ ठेवून बसले, उतरले ती ताठ, आळीत शिरले ती ताठ. समोरच्या काकू म्हणाल्या, ‘‘अगं, निवडणुकीला उभी आहेस की काय?’’

दारात पाऊल टाकलं आणि ओसरीवर वाईच्या आत्याबाई. ह्यांच्या आत्या, ऐंशी उलटलेल्या, कडक सोवळ्याच्या, चातुर्मासाला म्हणून न कळवता आलेल्या. त्यांच्या पायांशी वाकणं हा या घरातला पहिला कायदा. मी उभ्यानेच हात जोडले.

ओसरीवर शांतता पसरली.

‘‘पाठ धरलीय का?’’ आत्याबाई.

‘‘नाही, डोकं दुखतंय जरा,’’ मी घाईत म्हणाले. डोळ्यांचा डॉक्टर, डोक्याचं दुखणं. मला वाटलं चांगलं जुळलं.

‘‘मग असं सांग की! बस इथं.’’ आणि काही कळायच्या आत आत्याबाईंनी कमरेच्या पिशवीतून बामची डबी काढली, माझं डोकं मागून गच्च धरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी भुवयांच्या मधे चोळायला सुरुवात केली. आत्याबाईंच्या अंगठ्यांनी आयुष्यभर पुरणपोळ्यांची कणीक तिंबली आहे. मी ‘नको, नको’ म्हणत होते आणि त्या ‘लाजू नकोस’ म्हणत होत्या. पाच ठिपक्यांवरून अंगठे खाली उतरून पापण्यांपर्यंत गेले, तिथून कानशिलापर्यंत. वीसच्या वीस युनिटं कुठल्या कुठल्या गल्लीत शिरली असतील ते एक त्र्यंबकराजालाच ठाऊक.

चार-पाच दिवसांत आरशात चमत्कार दिसू लागला. रेघा गेल्या! कपाळ २०१५ सालचं. मी पदर खोचून बंबापाशी उभी राहिले, हैदराबादच्या एका यजमानांनी दुसरी बादली उचलली, मी नेहमीप्रमाणे रागावले. ते हसले आणि तिसरीही घेऊन गेले. आत राग होता, अगदी पूर्वीइतकाच होता, पण कपाळावर त्याला यायला वाट नव्हती. वाणी म्हणाला, ‘‘वहिनी, तुमचा आज मूड चांगला दिसतोय,’’ आणि मागची बाकी पुढच्या महिन्यावर ढकलली. प्लंबर तर आलाच नाही. हे सगळ्यांना सांगत सुटले, की घरात विष्णुसहस्रनाम सुरू केल्यापासून हिचा स्वभाव निवळलाय.

आणि मग डावी पापणी खाली आली. सगळी नाही, अर्ध्यावर येऊन थांबली. मी उघडायचा प्रयत्न केला की भुवई वर जायची आणि पापणी तिथेच लटकायची. श्रावणी सोमवारच्या पंगतीत वाढताना एका सद्‌गृहस्थांनी मान खाली घालून ताट पुढे ओढलं आणि शेजारच्या पत्नीकडे सरकून बसले. पंगत उठल्यावर हे मला माजघरात घेऊन म्हणाले, ‘‘अगं, यजमानांना डोळे काय मारतेस? वय काय आपलं!’’ मी म्हटलं मारत नाहीये, मिटतोय. तेव्हा ह्यांचा चेहरा पडला. तीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्या कपाळावर आठी पाहिली. मनात म्हटलं, येते म्हणजे तुम्हालाही!

दुपारपर्यंत गावभर झालं की उपाध्येवहिनींना लकवा मारला. मी तोंड उघडलं असतं तर त्याच क्षणी विषय संपला असता. पण पर्याय दोनच होते : लकवा की बोटॉक्स. आत्याबाई आणि श्रावणातलं भरलेलं घर बघून मी लकवा पत्करला. मग लोक येऊ लागले. एकीने पारव्याच्या रक्ताचा लेप सांगितला. ब्राह्मणाच्या घरी पारव्याचं रक्त! ती म्हणाली, ‘‘औषधाला काय होतंय?’’ (कपाळात काय आहे हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं, मलाही नीट नव्हतं.) ह्यांचे एक व्यवसायबंधू माझी पत्रिका मागून घेऊन गेले आणि संध्याकाळी गंभीर चेहऱ्याने परत आले, राहूचं काहीतरी निघालं होतं. ‘‘एकदा कालसर्प करून घ्या,’’ ते म्हणाले. हे लगेच पंचांग काढून मुहूर्त बघू लागले. माझ्याच स्वयंपाकावर, माझ्याच बंबाच्या पाण्याने, माझीच शांत!

आमचे गावातले डॉक्टर मात्र हुशार. त्यांनी हसायला लावलं, जीभ काढायला लावली, दोन्ही हात वर करायला लावले. सगळं सरळ. भुवया वर करा, झाल्या. ‘‘आता आठी घाला.’’ मी जीव तोडून घातली. काही नाही. ‘‘असा लकवा मी पाहिला नाही,’’ म्हणाले, ‘‘पण धोका पत्करायचा नाही. आत्ताच्या आत्ता नाशिकला न्या, डोक्याचा स्कॅन करा.’’

तर शेजाऱ्यांची गाडी आली, मला मागे उशी देऊन बसवलं, एका बाजूला आत्याबाई जपमाळ घेऊन, दुसऱ्या बाजूला हे, पुढे चिरंजीव. अंजनेरीपर्यंत मी गप्प बसले. तिथे उजव्या हाताला डोंगर दिसला आणि स्कॅनचे सात-आठ हजार आठवले.

‘‘अहो, गाडी थांबवा. मला बोटॉक्स आहे.’’

ह्यांनी माझा हात घट्ट धरला. ‘‘असू दे, असू दे. घाबरू नकोस. कधीपासून आहे? औषध असतं ना त्यावर?’’

पुढच्या सीटवर चिरंजीव मागे वळले आणि इतके हसले की ड्रायव्हरने खरोखरच गाडी बाजूला घेतली. मग त्यांनी फोन काढून वडिलांना इतिहास वाचून दाखवला, आणि तो ऐकताना मला लकवाच परवडला असता असं झालं.

बोट्युलस म्हणजे लॅटिनमधलं सॉसेज. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत, वुर्टेंबर्गमध्ये, नासलेले सॉसेज खाऊन माणसं मरत. पापण्या पडायच्या, गिळता यायचं नाही, मग श्वास थांबायचा. यूस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरने त्याचा अभ्यास केला, ते विष स्वतः चाखूनही पाहिलं. हा गृहस्थ कवीही होता. तसं असल्याशिवाय असली हौस होत नाही. विष कुठून येतं ते कळायला मात्र १८९५ चा डिसेंबर उजाडावा लागला. बेल्जियममध्ये एलझेल नावाच्या खेड्यात एका म्हाताऱ्याच्या अंत्यविधीला आलेल्या वाजंत्र्यांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. पुष्कळ आजारी पडले, तिघं दगावले. व्हॅन एर्मेंगेम या प्राध्यापकाने त्या उरलेल्या मांसातून जंतू शोधून काढला. तोच जंतू, तेच विष. फक्त अति सूक्ष्म मात्रेत, शुद्ध करून.

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘म्हणजे तेराव्याच्या जेवणातलं?’’

‘‘तेराव्याच्या नाही बाबा, मयताच्या दिवशीच्या.’’

‘‘मग सुतकातलं,’’ म्हणून ह्यांनी माझा हात सोडला.

चिरंजीवांनी आईची बाजू घेतली, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी पुढचंही वाचलं : सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञाने तिरळ्या डोळ्यांना सरळ करायला ते वापरलं, १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आज अर्धशिशीला, मान वाकडी होण्याला, सतत लघवी लागण्यालाही ते देतात. सुरकुत्यांचं कळलं ते कॅनडात, व्हँकूव्हरला, १९८७ मध्ये. जीन कॅरथर्स डोळ्यांच्या डॉक्टर, नवरा ॲलेस्टर कातडीचा डॉक्टर. पापण्या फडफडण्यावर इंजेक्शन घेणाऱ्या एका बाईने जीन यांना सांगितलं की टोचलं की माझ्या कपाळावरची काळजीही जाते. ते त्यांनी नवऱ्याच्या कानावर घातलं. पुढे १९९२ मध्ये दोघांनी मिळून निबंध छापला आणि २००२ मध्ये कपाळाच्या रेघांसाठी अमेरिकेत परवानगी मिळाली. ‘‘बघा,’’ मी म्हणाले, ‘‘तिथे नवरा बायकोचं ऐकतो, म्हणून शोध लागतात.’’

‘‘पण हवंच कशाला होतं तुला? देवाच्या दारात राहायचं आणि चेहऱ्याला लेप!’’

ही त्यांची चूक झाली. मी अंजनेरीच्या रस्त्यावर, अर्ध्या मिटलेल्या डोळ्याने, पण पूर्ण उघडलेल्या तोंडाने विचारलं, २०२३ च्या जानेवारीत आपलं देऊळ आठवडाभर दर्शनाला बंद का होतं? पिंडीची झीज झाली म्हणूनच ना? पुरातत्त्व खात्याची माणसं आली, वज्रलेपाचं काम झालं, तेव्हा तुम्ही सगळे ‘किती छान, किती आवश्यक’ म्हणत होता. पंढरीच्या विठोबाला २०२० मध्ये लेप दिला, तेव्हा विचारलंत का, पांडुरंगाला हवं कशाला? वणीच्या सप्तशृंगीवरचे शेंदराचे थर २०२२ मध्ये उतरवले आणि मूळ रूप दिसलं म्हणून तुम्ही स्वतः गाडी करून दर्शनाला गेलात. देव झिजला तर संवर्धन आणि मी झिजले तर थेरं?

‘‘पिंडी पाण्याने झिजते,’’ हे म्हणाले. ‘‘तू कशाने झिजलीस?’’

‘‘मीही पाण्यानेच. गरम.’’

ह्यांच्याजवळ उत्तर नव्हतं, पण शास्त्र होतं. म्हणाले, वज्रलेप आणि तुझं ते एक नव्हे. वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाचा पाठ दिलाय : कच्ची टेंभुर्णी, कच्ची कवठं, सावरीची फुलं, सालईच्या बिया, धामणीची साल, वेखंड असं सगळं पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवायचा, त्यात गुग्गुळ, बिब्बे, राळ, जवस, बेलफळ कालवून गरम असतानाच लावायचं. आणि टिकतो किती? एक कोटी वर्षं. ‘‘तुझं किती टिकतं?’’

‘‘चार महिने.’’

‘‘आणि घेतले किती?’’

मी आकडा सांगितला. ह्यांनी मनात कोटी वर्षांचा दर काढला असावा, कारण नाशिक येईपर्यंत ते ओठ हलवत होते. आत्याबाई या सगळ्यात एक अक्षर बोलल्या नाहीत. जपमाळ मात्र अंजनेरीलाच थांबली होती.

स्कॅन वाचला. त्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पापणी पाहिली, असं क्वचित होतं म्हणाल्या; औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पाझरलं. सुईने की अंगठ्यांनी, ते आता सांगता येणार नाही. उतारा असा काही नाही, वाट बघायची, काही आठवड्यांत आपोआप उतरतं. तोवर डोळ्यात घालायला थेंब दिले. त्यांनी आतला एक छोटा स्नायू आखडतो आणि पापणी मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर येते. गावात आम्ही ‘नस आखडली होती’ असं जाहीर केलं. कालसर्पाचा सल्ला देणारे व्यवसायबंधू अजून श्रेय घेतात. त्यांनी म्हणे माझ्या नावाने परस्पर राहूचा जप केला होता.

गणपतीपर्यंत डोळा उघडला. कपाळ मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत कोरंच राहिलं आणि त्या दोन-अडीच महिन्यांत आमच्या घरचं लाकडाचं बिल ह्यांनी स्वतः वाचलं. शेवटी हे पहाटे बंबापाशी येऊन उभे राहू लागले. ह्यांना आठी घालता येत नाही. हे नुसते ‘प्लीज’ म्हणायचे. लोक ह्यांच्याही पाया पडायचे आणि तीन-तीन बादल्या न्यायचे.

चातुर्मास संपला, आत्याबाईंची वाईला निघायची तयारी झाली. आदल्या रात्री त्या मला माजघरात बोलावून म्हणाल्या, ‘‘ते दुसरं काय म्हणालीस, गालात भरतात ते?’’

‘‘तुम्हाला गाल भरायचेत?’’

‘‘छे गं. माझे गुडघे. वाईचा डॉक्टर म्हणतो, वंगण संपलंय, इंजेक्शनाने भरता येतं. तेच का हे?’’

तेच. तेच हायल्युरॉनिक ॲसिड गुडघ्यातही देतात, सांध्यातलं दुखणं काही महिने हलकं व्हावं म्हणून. मी चिरंजीवांकडून ऐकलेलं सगळं प्रामाणिकपणे सांगितलं : १९३४ साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते न्यूयॉर्कला पहिल्यांदा वेगळं काढलं ते गाईच्या डोळ्यातून, पुढे बरीच वर्षं ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आता पुष्कळसं जिवाणू वाढवून तयार करतात.

आत्याबाईंनी कान धरले, मग गुडघे धरले, आणि बराच वेळ विचार केला. पुढच्या श्रावणात त्यांना ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करायची आहे. लहानातली लहान धरली तरी वीस किलोमीटर होते.

‘‘कोंबड्याचं नको,’’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘‘जिवाणूंचं चालेल. तारीख घे. एकादशी तेवढी सोड.’’